सायकलच्या पलीकडे मामाजी

मामाजी, तुमचा कार्बोरेटर का गळत होता ते मला कळलं. पण एवढ्यात सांगणार नाही. कोणी आधीच उत्तर सांगून टाकलं की तुमचा चेहरा कसा पडायचा, ठाऊक आहे मला. नातींनी कोडं घातलं आणि त्यांच्याच्यानं राहवलं नाही, त्यांनी लगेच फोडलं, तर तुम्ही पानावरून उठल्यासारखे उठून जायचे. तेव्हा जरा दम धरा. पहिल्यापासून सांगते.

तुमची तेरवी परवा झाली. पाहुणे पांगले, मंडपवाल्यानं आपल्या खुर्च्या नेल्या, उरलेली बुंदी गल्लीत वाटून झाली. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतंय. आणि मी हे लिहायला बसले, तर पहिल्याच शब्दाला अडले. 'तुम्ही' हा शब्द मी तुमच्या हयातीत तुमच्यासाठी कधी वापरलेलाच नाही.

लग्न होऊन तुमची सून म्हणून वडनेर भोलजीला आले, तेव्हापासून आपण एका छपराखाली राहिलो. तुमच्या ताटात मी भाकरी वाढली, तुमची औषधं वेळेवर ठेवली, पण तुम्हाला उद्देशून एक वाक्य माझ्या तोंडून गेलं नाही आणि तुमच्याकडून माझ्याकडे आलं नाही. बाहेरच्याला वाटेल, भांडण असेल. भांडण कसलं? रीत होती.

ती मला सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितली. "हे पाह्य, सासऱ्याच्या समोर बसाचं नाही, सरळ बोलाचं नाही. काही लागलं तं मले सांग, मी सांगतो त्याईले." माझ्या माहेरी, दुसरबीडकडे, ही रीत आजीबरोबरच गेली होती, त्यामुळे मला आधी हसू आलं. मग कळलं की या घरात ती खरोखर चालते. मी स्वयंपाकघराच्या दाराला सांगायची, "चहा झालाय." तुम्ही ओसरीवरच्या खांबाला म्हणायचे, "चहा झाला वाट्टे." आणि सासूबाई मधे, पोस्टमनसारख्या. त्या गावाला गेल्या की घरात दोन दिवस नुसती भांडी बोलायची.

राग नाही हो माझा त्यांच्यावर. त्या स्वतः तशाच राहिल्या होत्या, त्यांना वाटायचं मान म्हणतात तो हाच.

मग तुमचे गुडघे गेले, आणि सायकलला इंजिन आलं.

शाळेच्या कचेरीत उभा जन्म कारकुनी केलेला माणूस, आयुष्यभर सायकलवर गेला-आला. शेतापर्यंतचा चढ काढताना गुडघे बोंब मारायला लागले, तेव्हा तुमच्या मुलानं स्कूटर घेऊ म्हटलं. तुम्ही साफ नाही म्हणालात. "ज्या गाडीले पायडल हाये, थे गाडी माणसाले रस्त्यात सोडत नाही." मग फोनवरून ते सायकलला बसवायचं इंजिन मागवलं आणि नांदुऱ्याच्या एका वेल्डरकडून बसवून आणलं. दांडीवर पेट्रोलची छोटी टाकी, तिच्या बुडाला पेट्रोल बंद करायचा कॉक, खाली मूठभर इंजिन, आणि इंजिनाच्या मागे, सीटच्या दांड्याला खेटून, तो कार्बोरेटर. आधी पायडल मारायचं, वेग आला की क्लच सोडायचा, आणि मग ते फटफट करत निघायचं. पहिल्या दिवशी तुम्ही बसस्टँडपर्यंत जाऊन आलात, तेव्हा सासूबाईंनी तुमची दृष्ट काढली. इंजिनाची काढायला हवी होती.

कारण महिनाही गेला नाही आणि गळती सुरू झाली. अंगणात पेट्रोलचा वास, फरशीवर ओला डाग. तुम्ही पायडल मारून मारून घामाघूम व्हायचे आणि इंजिन नुसतं फुस्स करायचं. प्लग काढला की तो पेट्रोलनं चिंब. पुसून, वाळवून लावला की गाडी चालायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला तो दिवस लख्ख आठवतो. मी ओट्यावर शिवणयंत्रावर ब्लाउज शिवत होते. तुम्ही न्हाणीपाशी उकिडवे बसलेले, इंजिनावर वैतागलेले. "काऊन बे? काऊन गळून राह्यला तू?"

आता, इंजिनाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोणती रीत आड येते? मी यंत्राचं चाक थांबवलं आणि तुमच्याकडे नाही, इंजिनाकडे बघून म्हटलं, "आतली सुई नीट बसत नसेल त्याची."

तुम्ही मान वर केली नाहीत. मला वाटलं, चुकलंच आपलं. माहेरी मी रेडिओ उघडला तेव्हा पाठीत धपाटा बसला होता, की पोरीच्या जातीला नसत्या चौकशा कशाला. इथे आता काय होतं, म्हणून मी श्वास धरून बसले. तुम्ही इंजिनाच्या टाकीवरून फडकं फिरवलं, आणि मग त्यालाच हळूच विचारलंत, "सुई? आतमंधी सुई असते काय?"

मामाजी, त्या प्रश्नासाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे. उगीच बोलायचं म्हणून बोलत नाही. तोवर मला आयुष्यात कोणी 'मग पुढे काय' असं विचारलंच नव्हतं.

मी बादली पालथी घातली आणि सायकलच्या पलीकडे बसले. तुम्ही पाटावर अलीकडे. सायकल मागचं चाक न्हाणीच्या भिंतीला टेकवून उभी, म्हणजे ढळायला नको. सासूबाई उंबरठ्यावर डाळ निवडत होत्या, त्यांचं सूप थांबलं.

"सासऱ्यासमोर बसली वं तू?"

"समोर कुठे, आई? मधे सायकल आहे."

सासूबाईंनी सायकल खालपासून वरपर्यंत पाहिली. बराच विचार केला. "हाव," त्या म्हणाल्या, "सायकल तं हाये." आणि सूप पुन्हा हलायला लागलं. अशी आपल्याला परवानगी मिळाली.

मग आपण तो कार्बोरेटर उघडला. मी नुसतं मोबाईलवर पाहिलेलं होतं, तुम्ही तेही नाही. खाली एक वाटी, तिच्यात पेट्रोल साठतं. त्यावर तरंगणारा गोळा, आपल्या छपरावरच्या पाण्याच्या टाकीत असतो तसा, फक्त बोराएवढा. पेट्रोल वर आलं की गोळा वर येतो आणि सुईला ढकलून भोक बंद करतो. भोक बंद झालं नाही तर पेट्रोल येतच राहतं आणि वाटी उतू जाते. हे समजलं तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "वा रे पठ्ठ्या! दुधावर ध्यान ठेवाले माणूस ठेवला म्हणा की यानं!"

मग ध्यान ठेवणारा का झोपतो, यावरून आपला वाद सुरू झाला, आणि तो तुम्ही जाईपर्यंत चालला.

तुमचं म्हणणं, ऊन. आपल्याकडचा उन्हाळा दगड फोडतो, तिथे पेट्रोल फुगणार नाही तर काय होईल? म्हणून तुम्ही कार्बोरेटरला ओलं फडकं गुंडाळलं, माठाला गुंडाळतात तसं. गल्लीतले लोक विचारायचे, गाडीला ताप आला का? तुम्ही गंभीरपणे म्हणायचे, "हाव, उतरून राह्यला." माझं म्हणणं, सुई. आणि सुई नाही तर गोळा, त्याला बारीक भोक पडलं असेल, आत पेट्रोल शिरून तो बुडत असेल.

गोळ्याची परीक्षा आपण गरम पाण्यात केली. वस्तू एकमेकांच्या हातात द्यायची नाही हेही रीतीतच होतं, त्यामुळे तुम्ही गोळा सीटवर ठेवायचे आणि मी सीटवरून उचलायची. सीट म्हणजे आपलं टेबल. भोक असेल तर बुडबुडे येतात. आपण दोघं पातेल्यात डोकं घालून बसलो, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून. एकही बुडबुडा आला नाही. तुम्ही इंजिनाला म्हणालात, "एका जणाचं अनुमान तं पाण्यात गेलं बावा."

मी इंजिनाला म्हटलं, "दुसऱ्याचं दोरीवर वाळत घातलंय." दोरीवर तुमचं ओलं फडकं होतं. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला, आणि सासूबाई पाणी घेऊन धावल्या. "त्या इंजिनाले काय कान हायेत का?" असं बडबडत. त्यांना सगळं कळत होतं, मामाजी. नसतं कळलं तर त्यांनी ती सायकल केव्हाच गोठ्यात ढकलली असती.

तुम्ही आपणहून नांदुऱ्याहून नवी सुई आणलीत. माझ्या म्हणण्यावर तुमचा विश्वास नव्हता, तरी आणलीत. बसवली, थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा टप टप. तुम्ही खाली तिखटाच्या डबीचं झाकण ठेवायचे आणि सकाळी किती भरलं ते पाहायचे. ऊन नव्हतं त्या दिवशीही भरलेलं. तुम्ही ते झाकण मला दिसू नये म्हणून गुपचूप ओतून टाकलंत, मी शिवणयंत्रावरून पाहिलं आणि पुन्हा शिवायला लागले. हरताना माणसाला एकटं सोडावं.

आणि दर वेळी तो काढायचा, साफ करायचा, परत बसवायचा. बसवताना तुम्ही तुमच्या बाजूनं धरायचे आणि मी माझ्या बाजूनं, त्याला इंजिनाशी जखडणाऱ्या पट्ट्याचा स्क्रू आवळायची. हाताला हात लागू नये म्हणून तुम्ही तो दोन बोटांनी धरायचे, नैवेद्याच्या वाटीसारखा. काम झालं की दोघंही मागे सरकून आपापल्या बाजूनं बघायचो आणि दोघांनाही तो ठीक दिसायचा.

इंजिनाशी बोलता बोलता आपण कार्बोरेटरच्या बाहेरही गेलो. तुम्ही प्लग पुसत त्याला विचारायचे, "पोरीच्या शाळेचं काय झालं?" मी स्पॅनर शोधत त्याला सांगायची. एकदा तुम्ही विचारलंत, "दुसरबीडकडे पाऊस झाला काय म्हणे?" माझी आई तेव्हा आजारी होती. पावसाचं निमित्त होतं, हे मला समजलं, आणि मी सांगितलं की पाऊस आहे, पण जोर कमी आहे. दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलानं मला अचानक म्हटलं, चार दिवस जाऊन ये.

आणि शिवणयंत्राची गोष्ट. ओट्यावर मला दुपारी ऊन लागायचं. आत खिडकीपाशी उजेड होता, पण तिथे तुमचा पलंग. मी कोणाला बोलले नव्हते, फक्त सुईत दोरा ओवताना डोळे चोळायची. तुम्ही इंजिनाला म्हणालात, "मशीनीची ज्याले कदर हाये, त्याच्या मशीनले उजेड पाहिजे बावा." संध्याकाळी पलंग भिंतीकडे गेला. सासूबाईंनी विचारलं, तर तुम्ही म्हणालात की खिडकीतून डास येतात. अहो, त्या खिडकीला जाळी होती.

त्याचे आभार मला मानायचे होते. इंजिनातून मानता आले नसते असं नाही. पण काही गोष्टी अशा असतात की त्या मधे सायकल ठेवून सांगता येत नाहीत. त्यांना तोंडासमोर तोंड लागतं. मी म्हणायची, एक दिवस सरळ बोलेन. एक दिवस म्हणेन, मामाजी, तुमच्यामुळे मला या घरात करमलं. रोज पाटाकडे बघून वाटायचं, आज. आणि रोज आपण सुई आणि ऊन यावरच भांडून उठायचो. तेही बरंच होतं म्हणा. वाद मिटला असता तर सायकलपाशी बसायला कारण कुठून आणलं असतं?

यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्या छातीत दुखलं. खामगावच्या दवाखान्यात तुम्हाला घेऊन गेलो. सासूबाई खाली बाकावर बसल्या होत्या, तुमचा मुलगा औषधं आणायला गेला होता, आणि खोलीत तुम्ही, मी आणि सलाईनची बाटली. आपल्या मधे सायकल नव्हती. मी कोपऱ्यात उभी राहिले, पदर नीट करत. तुम्ही बाटलीकडे पाहत होतात. थेंब पडत होते. मग तुम्ही बाटलीला म्हणालात, "इथंबी गळतीच हाये. घरचा कॉक बंद केला काय कोणी?"

मी बाटलीला सांगितलं, "केला. झाकणही ठेवलंय खाली."

तुम्ही हसलात. आणि मग मान वळवून माझ्याकडे पाहिलंत, सरळ, चष्म्याशिवाय. तुमचे ओठ हलले. तुम्ही काही तरी बोलणार होतात, मामाजी, आणि ते बाटलीला नव्हतं. तेवढ्यात नर्स आली, मग डॉक्टर, मग मला बाहेर काढलं.

ते काय होतं? मी तेव्हापासून तेच शोधते आहे. कार्बोरेटरबद्दल असेल, तुमचा काय भरवसा. नसेलही.

तुम्हाला घरी आणलं तेव्हा बाया रडत होत्या. आपल्याकडे रडताना गेलेल्या माणसाला हाक मारतात. तुमच्या बहिणीनं मारली, पुतण्यांनी मारली, सासूबाईंनी तर तुमचं नाव घेऊन मारली, जे त्यांनी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. मी तुमच्या पायाशी बसले होते आणि माझ्या तोंडून हाकच फुटेना. कोणी तरी मागून म्हणालं, सून काही रडली नाही फारशी. म्हणू द्या. मला रडू येत होतं, हाक येत नव्हती.

आता कार्बोरेटर.

मंडप घालायचा म्हणून मुलांनी तुमची सायकल न्हाणीच्या भिंतीपासून हलवली आणि गोठ्याच्या तोंडाशी लावली, हँडल आत आणि मागचं चाक अंगणाकडे करून. आज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायला गेले. सासूबाई आत पडल्या होत्या. मी फडकं घेऊन मागच्या चाकाशी बसले. त्या बाजूनं ती सायकल मी कधी पाहिलीच नव्हती. कशी पाहणार? तिथे भिंत असायची. चाकाच्या वरून नजर गेली, सीटचा दांडा दिसला, सरळ उभा, आणि त्या दांड्याच्या पलीकडून कार्बोरेटर एका अंगाला डोकावत होता. कोणी मान तिरकी करून ऐकत बसावं तसा.

मी जोरात ओरडले. "अहो मामाजी, वाकडा आहे तो! वाकडा बसलाय! तिथून नाही दिसणार, इकडून पाहा, इकडे या!"

खरंच असं म्हटलं. विचार करून नाही. मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि कामाला लागले, आणि तोंड काही थांबेना. तुमचं ऊन नाही, मामाजी, आणि माझी सुईही नाही, दोघंही हरलो. वाटी तिरपी, तर गोळा एका भिंतीला घासणार, वेळेवर वर येणारच नाही. आणि वाकडा केला कोणी? आपणच. तुम्ही दोन बोटांनी धरायचे आणि मी माझ्या अंगाला जोर लावून आवळायची, दर वेळी तो माझ्याकडे कलायचा. तुम्ही पंजानं धरला असता तर हललाही नसता. साफ केला म्हणून थोडे दिवस चालायचा आणि आपण म्हणायचो, सुईमुळे चालला, सावलीमुळे चालला. आपापल्या बाजूनं बघून दोघंही खूश. मागे येऊन एकदा शेजारी उभे राहिलो असतो ना मामाजी, तर पहिल्या आठवड्यातच दिसलं असतं!

मी पट्टा सैल केला, एका हातानं कार्बोरेटर दांड्याच्या ओळीत सरळ धरला, घट्ट, पुऱ्या पंजानं, आणि दुसऱ्या हातानं स्क्रू आवळला. कॉक उघडला. खाली झाकण ठेवलं आणि बघत बसले. गळेना. बोट लावून पाहिलं, कोरडं. "पाहिलंत? एक थेंब नाही. आता बोला!" मी म्हणाले. आणि मग तेही बोलून टाकलं, जे इतकी वर्षं म्हणायचं होतं, खिडकीचं आणि उजेडाचं, आणि मला या घरात करमल्याचं. हुंदके देत, नाक पुसत, कार्बोरेटरकडे न बघता.

मागे उंबरठ्यावर पावलं वाजली.

"कोणासंग बोलून राह्यली वं?" सासूबाई.

मी वळले. डोक्यावर पदर नव्हता, हात पेट्रोलनं माखलेले. खोटं बोलायला सुचलं नाही.

"मामाजीसंग," मी म्हटलं.

त्या भिंतीला धरत पायरी उतरल्या, अंगण ओलांडून आल्या आणि माझ्या शेजारी, मागच्या चाकाशी, गुडघ्यांवर हात टेकवत बसल्या. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे न पाहता हळूच विचारलं,

"मंग? काय म्हणतात ते?"